दोन फटी, एक केस आणि कूलरचं पाणी: व्यतिकरण-विवर्तनाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी नागपुरात अकरावी-बारावीच्या मुलांना फिजिक्स शिकवतो. वेव्ह ऑप्टिक्स, म्हणजे उजेडाला लाट मानून शिकायचा धडा, सुरू झालं की दरवर्षी तेच प्रश्न येतात. थोडे वर्गात हात वर करून, बरेचसे जिन्यात गाठून, आणि उरलेले परीक्षेच्या आदल्या रात्री व्हॉट्सॲपवर. उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवावीत म्हणून हे पान. प्रश्न शक्यतो मुलांच्याच तोंडचे ठेवले आहेत. पुस्तकातले मराठी शब्द आणि क्लासमधले इंग्रजी शब्द दोन्ही येतील: व्यतिकरण म्हणजे इंटरफिअरन्स, विवर्तन म्हणजे डिफ्रॅक्शन.

सर, इंटरफिअरन्स आणि डिफ्रॅक्शनमध्ये खरा फरक काय?

खरं सांगायचं तर निसर्गाच्या लेखी काहीच नाही. दोन्हीकडे एकच काम चालतं: एका जागी पोचलेल्या सगळ्या लाटांची बेरीज. लाटा मोजक्या, वेगवेगळ्या ठिकाणांहून आल्या, उदाहरणार्थ दोन फटींतून, की आपण त्याला व्यतिकरण म्हणतो. एकाच फटीच्या या काठापासून त्या काठापर्यंतच्या असंख्य बिंदूंतून आल्या, की विवर्तन. दोन माणसांचा हिशोब आणि अख्ख्या जत्रेचा हिशोब, एवढंच.

बोर्डाच्या पेपरात ‘फरक स्पष्ट करा’ आला तर मात्र हे तत्त्वज्ञान लिहीत बसू नका. तिथे लिहा: व्यतिकरणात सगळे पट्टे सारख्या रुंदीचे आणि जवळपास सारखेच उजळ, विवर्तनात मधला पट्टा बाजूच्यांच्या दुप्पट रुंद, आणि बाजूचे झपाट्याने फिके पडत जाणारे. मार्क मिळतील. पण डोक्यात वरचं उत्तर ठेवा, नाहीतर पुढचे अर्धे प्रश्न सुटणार नाहीत.

दोन लाटा एकमेकींना धडकल्या की मोडत नाहीत का?

नाही. फुटाळा तलावावर संध्याकाळी वारा पडला की काठावरून दोन खडे हातभर अंतराने टाकून बघा. दोन्हींची वर्तुळं पसरतात, एकमेकींतून आरपार जातात, आणि पलीकडे निघाल्यावर जणू काही झालंच नाही अशी पुढे सरकतात. जिथे त्या एकमेकींवर येतात तिथे तेवढ्या क्षणापुरती पाण्याची उंची दोघींची बेरीज असते. उंचवट्यावर उंचवटा आला तर पाणी जास्त वर, उंचवट्यावर खळगा आला तर पाणी सपाट. यालाच अध्यारोपण म्हणतात. पुस्तकातल्या ‘सुपरपोझिशन’ या भारदस्त शब्दामागे इतकंच आहे.

मग घरातले दोन बल्ब लावले तर भिंतीवर काळे-पांढरे पट्टे काहून दिसत नाहीत?

हा मला सगळ्यात आवडणारा प्रश्न. याचं उत्तर नागपूरकरांच्या घरात मे महिन्यात सापडतं.

कूलरचा पंप बंद करा आणि बाजूची एक जाळी काढा. ताटीतून खालच्या पाण्यात अजून थेंब पडत असतात. एकाच ठिकाणी टपटप चालू असेल तर सुंदर गोल लाटा दिसतात. दोन ठिकाणी चालू असेल तर लाटा एकमेकींवर येतात, पण नक्षी काही टिकत नाही. आत्ता इथे सपाट दिसलं, पुढच्या क्षणी तिथेच उंचवटा. कारण उघड आहे: दोन थेंबांनी आपसात काही ठरवलेलं नाही. एक आधी पडतो, दुसरा मग, आणि हे मागेपुढेपणही दर वेळी बदलतं.

आता पंपाची वायरसुद्धा सॉकेटमधून काढा आणि एका लाकडी पट्टीला दोन खिळे चार-पाच सेंटीमीटर अंतराने ठोका. पट्टी धरून दोन्ही खिळे त्याच पाण्यात एका ठेक्यात बुडवा, काढा, बुडवा, काढा. दोन खिळ्यांमधून बाहेर पसरणाऱ्या शांत रेषा दिसू लागतील. तिथे पाणी जवळजवळ हलतच नाही. हीच व्यतिकरणाची नक्षी. पाणी तेच होतं. बदल झाला तो इतकाच की दोन्ही खिळे एका हाताचं ऐकत होते.

बल्बमध्ये कोट्यवधी अणू आपापल्या मर्जीने प्रकाश सोडत असतात, कूलरच्या थेंबांसारखे. दोन बल्बांच्या लाटांमधलं मागेपुढेपण सेकंदात इतक्यांदा बदलतं की डोळ्याला फक्त सरासरी दिसते, म्हणजे सपाट उजेड. म्हणून व्यतिकरणासाठी दोन उगम ‘कोहिरंट’, सुसंगत हवेत. त्यांच्यातलं कलांतर, म्हणजे हे मागेपुढेपण, शून्य असायलाच हवं असं नाही, ते कायम राहिलं की पुरे. बरीच मुलं इथेच चुकतात आणि ‘फेज डिफरन्स झिरो असतो’ असं लिहून येतात.

दोन फटींचा प्रयोग ज्याच्या नावाने शिकवतात त्या थॉमस यंगची हुशारी याच ठिकाणी होती. दोन दिवे घेण्याऐवजी त्याने एकाच उजेडाचे दोन भाग केले. १८०३ साली त्याने रॉयल सोसायटीसमोर जो प्रयोग मांडला त्यात दोन फटीसुद्धा नव्हत्या. खिडकीच्या झडपेतल्या बारीक छिद्रातून आलेल्या सूर्यकिरणात त्याने कार्डाची एक पट्टी आडवी धरली, इंचाचा तिसावा भाग रुंद, म्हणजे पाऊण मिलिमीटरच्या किंचित वर. पट्टीच्या सावलीत उभे रंगीत पट्टे दिसले. मग त्याने पट्टीच्या एका बाजूचा उजेड अडवला, तर सावलीतले पट्टे गायब. दुसऱ्या बाजूचा उजेड तसाच येत असताना! पट्टे बनायला दोन्ही बाजूंचा उजेड लागतो हे त्याने इतक्या साध्या युक्तीने दाखवलं.

पट्ट्याच्या रुंदीच्या सूत्रात लहान डी आणि मोठा डी यांत माझा नेहमी घोळ होतो.

सूत्र पाठ करण्याआधी चित्र बघा. पडद्यावरच्या एखाद्या बिंदूपाशी दोन फटींतून लाटा येतात. एकीला थोडं जास्त चालावं लागतं. हे जादा चालणं म्हणजे पथांतर. ते शून्य, एक, दोन अशा पूर्ण तरंगलांब्यांचं (तरंगलांबी म्हणजे एका उंचवट्यापासून पुढच्या उंचवट्यापर्यंतचं अंतर) असेल तर उजेड. अर्धी, दीड, अडीच असेल तर अंधार. वेव्ह ऑप्टिक्समधलं हे एकच वाक्य खरं महत्त्वाचं, बाकी भूमिती.

त्या भूमितीतून निघतं: पट्ट्याची रुंदी = तरंगलांबी × पडद्याचं अंतर ÷ फटींमधलं अंतर. पडदा लांब नेला की पट्टे मोठे होणार, सावली मोठी होते तसेच. म्हणून मोठा डी वर. फटी एकमेकींपासून दूर नेल्या की जरासं बाजूला सरकल्याबरोबर पथांतर भराभर बदलतं, पट्टे दाटीने येतात. म्हणून लहान डी खाली.

एक गणित हाताने करून बघा. सोडियमचा पिवळा उजेड, ५८९ नॅनोमीटर. फटी अर्धा मिलिमीटर अंतरावर, पडदा १ मीटरवर. उत्तर येतं १.१७८ मिलिमीटर. म्हणजे पट्टीवरच्या एका बारीक रेघेएवढं. हाच सगळा सरंजाम पाण्यात बुडवला तर तरंगलांबी १.३३ ने, म्हणजे पाण्याच्या अपवर्तनांकाने, भागली जाते आणि पट्टा ०.८९ मिलिमीटरच्या आसपास येतो. सीईटीला हे रूपांतर वारंवार येतं, आणि मुलं भागायच्या ऐवजी गुणतात.

अंधाऱ्या पट्ट्यातली लाईट जाते कुठं? एनर्जी नष्ट झाली का?

नष्ट होत नाही, शेजारी जाते. समजा एका फटीतून पडद्यावर १ इतकी तीव्रता येते. दोन फटी, म्हणून सरळ बेरजेने सगळीकडे २ यायला हवी. पण आधी लाटांच्या उंचीची बेरीज होते आणि मग वर्ग. उजळ जागी उंची दुप्पट, तीव्रता ४. अंधाऱ्या जागी ०. चार आणि शून्याची सरासरी? दोनच. ज्या कुणी ‘उजेड अधिक उजेड म्हणजे अंधार’ असं लिहून मुलांना घाबरवलं, त्याने ‘आणि शेजारी चौपट’ हेही त्याच ओळीत लिहायला हवं होतं.

दोन फटींत ‘डी साइन थीटा = एन लॅम्डा’ म्हणजे उजेड. एका फटीत ‘ए साइन थीटा = एन लॅम्डा’ म्हणजे अंधार. सूत्र तेच, उत्तर उलटं. असं काहून?

जिन्यात सगळ्यात जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न हाच. यावर घाई करू नका. (डी म्हणजे फटींमधलं अंतर, ए म्हणजे एका फटीची रुंदी, थीटा म्हणजे दिशेचा कोन, एन म्हणजे १, २, ३ असा पूर्णांक, लॅम्डा म्हणजे तरंगलांबी.)

आधी हे बघा की ‘एक लॅम्डा’ हे पथांतर कुणाकुणामधलं आहे. दोन फटींच्या सूत्रात ते दोन उगमांमधलं. दोघंच आहेत, एक दुसऱ्यापेक्षा पूर्ण एक लाट मागे, म्हणजे पावलं जुळलेली. उजेड. इथे काही गुंता नाही.

एका फटीच्या सूत्रात ‘एक लॅम्डा’ हे फटीच्या दोन काठांमधलं पथांतर आहे. पण उजेड फक्त काठांतून येत नाही, मधल्या सगळ्या बिंदूंतूनही येतो. समजा फटीत बारा बिंदू आहेत, वरपासून खाली १ ते १२ क्रमांकाचे. (खरे असंख्य, पण बाराने काम भागतं.) वरच्या काठापासून खालच्या काठापर्यंत पथांतर शून्यापासून एक लॅम्डापर्यंत हळूहळू वाढत जातं. मग अर्ध्या फटीएवढ्या अंतरावर ते किती? अर्धा लॅम्डा. म्हणजे बिंदू १ आणि बिंदू ७ यांच्यात अर्ध्या लाटेचा फरक: एकाचा उंचवटा तेव्हा दुसऱ्याचा खळगा. दोघं एकमेकांना मारतात. २ आणि ८, तसंच. ३ आणि ९, तसंच. ६ आणि १२ पर्यंत सगळ्या जोड्या लागतात आणि कुणीच उरत नाही. पूर्ण अंधार.

काठावरचे दोघं आपसात जुळलेले आहेत हे खरंच, पण बारा जणांच्या बैठकीत दोघांचं जमलं म्हणून ठराव पास होत नाही.

आता काठांमधलं पथांतर दीड लॅम्डा असेल अशा दिशेला बघा. फटीचे तीन समान भाग करा. प्रत्येक भागात अर्ध्या लॅम्डाचा फरक पडतो. पहिला भाग दुसऱ्याला मारतो, तिसरा एकटा उरतो, आणि त्यातलेही बिंदू पूर्ण एका सुरात नसतात. म्हणून तिथे उजेड असतो, पण मधल्या पट्ट्याच्या पाच टक्क्यांहूनही कमी. बाजूचे पट्टे इतके फिके का, याचं उत्तर पाठ न करता मिळालं.

मधला पट्टा दुप्पट का? अंधाराच्या जागा −३, −२, −१, १, २, ३ अशा येतात. शून्यावर अंधार नाही, कारण सरळ समोर सगळे बिंदू एका सुरात पोचतात. त्यामुळे −१ ते १ ही मोकळी जागा मधल्याची, बाकीच्यांना एकेक.

आणि दोन खऱ्या फटी घेतल्या की दोन्ही गोष्टी एकदम दिसतात: व्यतिकरणाचे बारीक पट्टे, आणि त्यांच्यावर विवर्तनाच्या मोठ्या पट्ट्याचं पांघरूण. फटींमधलं अंतर फटीच्या रुंदीच्या तिप्पट असेल तर तिसरा उजळ पट्टा नेमका विवर्तनाच्या पहिल्या अंधारात सापडतो आणि दिसतच नाही. मधल्या मोठ्या पट्ट्यात उरतात पाच.

दाराआडचा आवाज ऐकू येतो, दाराआडचा माणूस दिसत नाही. दोन्ही लाटाच ना?

लाटाच. पण लांबी बघा. ३४० हर्ट्झच्या आवाजाची तरंगलांबी साधारण १ मीटर, आणि घरातलं दार सुमारे ९० सेंटीमीटर. लाट दाराएवढीच, म्हणून ती दारातून निघाली की चहूकडे पसरते. उजेडाची तरंगलांबी सुमारे ५५० नॅनोमीटर. दार तिच्या सोळा लाख पट रुंद. तो दारातून जाताना वळतो, पण इतका कमी की पाच मीटर पुढे तीन-एक मायक्रोमीटरचा फरक पडेल. कुणाला दिसणार?

‘उजेड वळत नाही’ असं म्हणू नका. ‘दार फार मोठं आहे’ म्हणा.

रेडिओचंही तेच. मीडियम वेव्हच्या लाटा काहीशे मीटर लांब. सेमिनरी हिल्ससारखी टेकडी मध्ये आली तरी त्या वळसा घालून पोचतात. एफएमच्या तीनेक मीटरच्या, त्यांची सावली जास्त गडद पडते.

गणपतीच्या मांडवात दोन मोठे स्पीकर असतात. मग तिथे आवाजाच्या ‘अंधाऱ्या’ जागा काहून सापडत नाहीत?

सापडतात, पण गाण्यात लपतात. समजा स्पीकर चार मीटर अंतरावर आहेत आणि तुम्ही वीस मीटर समोर. १ मीटर लांबीच्या सुराचे मोठ्या आवाजाचे पट्टे पाच-पाच मीटरवर येतील. मध्ये अडीच मीटरवर शांत जागा. पण गाण्यात शेकडो सूर एकदम असतात आणि प्रत्येकाची शांत जागा वेगळी. शिवाय समोरच्या इमारतीवरून परत येणारा आवाज त्या जागा भरून काढतो. म्हणून कान फसतो.

फसू द्यायचा नसेल तर गच्चीवर करा. एकाच ॲम्प्लिफायरला वायरने जोडलेले दोन बॉक्स १ मीटर अंतरावर ठेवा, मोबाइलमधून १००० हर्ट्झचा एकच सूर लावा, एका कानात बोट घाला आणि चार मीटर समोरून आडवे चाला. सव्वा ते दीड मीटरवर आवाज चढतो-उतरतो. ब्लूटूथचे दोन सुटे स्पीकर घेऊ नका; ते एका ठेक्यात वाजतीलच असं नाही, आणि मग आपण परत कूलरच्या थेंबांवर येतो. आणखी एक गंमत: मे महिन्यात ४५ अंशांना आवाजाचा वेग सुमारे ३५८ मीटर प्रति सेकंद होतो, डिसेंबरच्या पहाटे १० अंशांना ३३७. तोच प्रयोग दोन्ही वेळा केलात तर पट्टे साधारण सहा टक्क्यांनी सरकलेले मिळतील.

घरी करून बघण्यासारखं काही? लॅबमध्ये आमचा नंबर लागतच नाही.

डोक्यावरचा एक केस आणि लाल लेझर पॉइंटर. (माझ्या डोक्यावर आता प्रयोगापुरतेच उरलेत, म्हणून वर्गातून घेतो.) केस लेझरच्या तोंडावर उभा ताणून टेपने चिकटवा. पॉइंटर पुस्तकांच्या चवडीवर ठेवा, दोन मीटरवर पांढरी भिंत, खोलीत अंधार. भिंतीवर लाल ठिपक्यांची आडवी माळ दिसेल, मध्ये मध्ये काळ्या फटी. केस उभा, माळ आडवी. हे आधी मनात ठरवा आणि मग बघा.

आमच्या वर्गात एका मुलीच्या केसाचा हिशोब असा आला: मध्याच्या एकाच बाजूच्या लागोपाठच्या काळ्या जागांमधली पाच अंतरं मिळून ८ सेंटीमीटर, म्हणजे एकेक १.६. लेझरची तरंगलांबी ६५० नॅनोमीटर, भिंत २ मीटर. केसाची जाडी = ६५० नॅनोमीटर × २ मीटर ÷ १.६ सेंटीमीटर, म्हणजे सुमारे ८१ मायक्रोमीटर. ज्या पट्टीवर मिलिमीटरच्या खाली काही मोजता येत नाही, तिने मिलिमीटरचा बारावा भाग मोजला.

फट नसून केस आहे, अडथळा आहे, तरी फटीचंच सूत्र कसं लागलं? कारण केसाने अडवलेला भाग आणि तेवढ्याच रुंदीच्या फटीने सोडलेला भाग एकत्र केले तर अख्खा मोकळा किरण होतो, आणि मोकळा किरण बाजूला काहीच पाठवत नाही. म्हणजे बाजूच्या दिशांना दोघांच्या लाटा बरोबर उलट असल्या पाहिजेत. उलट लाटेची तीव्रता तीच. याला बॅबिनेचं तत्त्व म्हणतात.

दुसरा प्रयोग: कपाटातली जुनी सीडी, बहुतेक कुणाच्या तरी लग्नाची. कार्डबोर्डला छिद्र पाडून त्यातून लेझर सीडीच्या मागच्या बाजूवर सरळ पाडा, कार्डबोर्ड सीडीपासून ३० सेंटीमीटरवर. परत येणारे ठिपके कार्डबोर्डवरच पडतात. पहिला ठिपका छिद्रापासून साधारण १३ सेंटीमीटरवर मिळेल, कारण सीडीवरच्या रेघा १.६ मायक्रोमीटर अंतरावर असतात आणि लाल उजेड तिथे २४ अंशांनी वळतो. डीव्हीडीच्या रेघा ०.७४ मायक्रोमीटरवर, तिथे ठिपका ६१ अंशांवर पळतो. लग्न खराब होत नाही, काळजी करू नका.

एक ताकीद: लेझर आणि सीडीवरून परावर्तित झालेला ठिपका, दोन्हींत डोळा घालायचा नाही. भिंतीकडे बघायचं. आणि सोनेगावला उतरणाऱ्या विमानाकडे तर चुकूनही नाही.

पांढरा उजेड वापरला तर?

मधला पट्टा पांढरा, कारण तिथे सगळ्या रंगांचं पथांतर शून्य. पुढचे रंगीत: आतल्या बाजूला जांभळा, बाहेर लाल. तीन-चार पट्ट्यांनंतर सगळे रंग एकमेकांत मिसळतात आणि पुन्हा पांढुरकं दिसतं. मधला पट्टा ओळखायचा असेल तर म्हणूनच पांढरा उजेड कामाचा. एकरंगी उजेडात सगळे सारखेच दिसतात.

पहिल्या पावसात चौकात पेट्रोलचे रंग दिसतात, ते डिफ्रॅक्शन का?

नाही, ते पातळ थराचं व्यतिकरण. थराच्या वरच्या आणि खालच्या पृष्ठावरून परतलेल्या दोन लाटा एकत्र येतात. थराची जाडी जिथे जशी, तिथे तसा रंग उजळतो. सीडीवरचे रंग मात्र विवर्तनाचे. ओळखायची खूण: वरून सरळ बघितलं तरी डागावर पट्ट्यापट्ट्याने रंग दिसतात आणि थर वाहिला की तेही सरकतात. सीडीत रंग रेघांच्या आडव्या दिशेनेच पसरतात.

रात्री स्कूटीवर मागे बसले होते, धुळीमुळे दुपट्टा डोळ्यांवरून ओढला, तर दूरच्या लाइटभोवती अधिकच्या चिन्हासारखे ठिपके दिसले. डोळे तपासू का?

डोळे उत्तम आहेत. कापडाचे उभे-आडवे धागे म्हणजे दोन जाळ्या एकमेकींवर. उभ्या धाग्यांनी उजेड आडवा पसरवला, आडव्यांनी उभा. म्हणून अधिकचं चिन्ह. एका मिलिमीटरात चार धागे असतील तर ठिपक्यांमधला कोन एका अंशाच्या साधारण आठव्या भागाएवढा येतो. लहान, पण डोळ्याला दिसतो.

हे खरंच विवर्तन आहे का, याची तपासणी मात्र करा. दुपट्टा फिरवा, चिन्ह त्याच्याबरोबर फिरलं पाहिजे. दुपट्टा डोळ्यापासून वीतभर लांब धरा. ठिपक्यांमधलं अंतर तेवढंच राहिलं पाहिजे. (नुसती कापडाची भोकं दिसत असती तर लांब नेल्यावर ती लहान दिसली असती.) कापड तिरपं करा, धागे दाट झाल्यासारखे होतात आणि ठिपके त्या दिशेला लांब सरकतात. हे सगळं उभ्या गाडीवर.

रमण सायन्स सेंटरला नाव दिलेल्या रामन यांचा या धड्याशी काही संबंध?

आहे, आणि तो पुस्तकात सहसा येत नाही. गांधीसागरासमोरच्या त्या केंद्रात शाळेच्या सहलीने आपण सगळेच गेलो आहोत, आणि रामन म्हटलं की १९३० चं नोबेल आणि प्रकाशाचं विकिरण एवढंच आठवतं. पण चंद्रशेखर वेंकट रामन यांचा पहिला शोधनिबंध विवर्तनावर होता. १९०६ साली, मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकत असताना, वय अवघं अठरा. स्पेक्ट्रोमीटरवर (उजेड किती कोनाने वळला ते मोजायच्या यंत्रावर) काम करताना, आयताकृती झरोक्यावर उजेड तिरपा पडला की विवर्तनाचे पट्टे दोन्ही बाजूंना सारखे येत नाहीत, हे त्यांनी पाहिलं आणि त्याचा हिशोब मांडला. निबंध लंडनच्या ‘फिलॉसॉफिकल मॅगझीन’मध्ये छापून आला. पुढे ते सरकारी हिशेब खात्यात अधिकारी झाले, आणि त्या नोकरीत काही काळ नागपुरातही होते. बारावीच्या प्रॅक्टिकलला जो स्पेक्ट्रोमीटर समोर येतो, त्याच जातीच्या यंत्रावरचं हे काम.

उजेड फोटॉनचा असतो म्हणता. एकेक फोटॉन सोडला तर पट्टे पडतील का?

पडतात. (फोटॉन म्हणजे उजेडाचा एक कण.) १९०९ साली जी. आय. टेलर यांनी उजेड इतका मंद केला की एक फोटो काढायला सुमारे तीन महिने लागले. सुईच्या सावलीतले पट्टे तरी तसेच. १९२७ साली डेव्हिसन आणि जर्मर यांनी निकेलच्या स्फटिकावर इलेक्ट्रॉन पाडून विवर्तन दाखवलं. पुढचं ‘ड्युअल नेचर’च्या धड्यात.

प्वासाँच्या ठिपक्याची गोष्ट खरी आहे का?

खरी आहे. १८१८ साली फ्रेंच ॲकॅडमीच्या स्पर्धेत फ्रेनेलने विवर्तनाचं लाटांवर आधारलेलं गणित पाठवलं. परीक्षकांतला प्वासाँ लाटा न मानणारा. त्याने त्याच गणितातून काढून दाखवलं की हे खरं असेल तर गोल चकतीच्या सावलीच्या बरोबर मध्यभागी उजेडाचा ठिपका दिसायला हवा, आणि हे तर हास्यास्पद आहे. परीक्षकांतल्याच अरागोने प्रयोग केला. ठिपका होता. बक्षीस फ्रेनेलला मिळालं. आणि ठिपका आजही विरोधकाच्या नावाने ओळखला जातो.

वर्धा रोडवर रात्री दूरच्या गाडीचा आधी एकच दिवा दिसतो, जवळ आल्यावर दोन. हे डिफ्रॅक्शन का?

मोठ्या अंशी हो. डोळ्याची बाहुली हे गोल भोकच, आणि भोकातून आलेल्या बिंदूचा बिंदू राहत नाही, लहानशी चकती होते. बाहुली ३ मिलिमीटरची धरली तर १.२२ × तरंगलांबी ÷ व्यास या सूत्राने सुमारे ५ किलोमीटरपर्यंत, १.२ मीटर अंतरावरचे दोन दिवे वेगळे दिसायला हवेत. प्रत्यक्षात डोळ्याचे स्वतःचे दोष, धूळ आणि दिव्यांची तिरीप यामुळे ते अंतर कमी होतं. तरी फक्त बाहुलीच्या मापावरून आलेला आकडा वस्तुस्थितीच्या इतका जवळ जातो, हे मला अजूनही नवल वाटतं.

बायप्रिझमच्या प्रॅक्टिकलमध्ये माझी रीडिंग्ज दर वेळी वेगळी येतात.

बायप्रिझम म्हणजे एका फटीचा उजेड दोन उगमांतून आल्यासारखा करणारा लोलक. त्याचे पट्टे मोजताना आयपीसचा स्क्रू दोन्हीकडे फिरवता ना? मीही फिरवायचो. कॉलेजात असताना मी वीस पट्टे मोजले, एक चुकला म्हणून अर्धा फेरा मागे आलो, पुन्हा पुढे गेलो, आणि सोडियमची तरंगलांबी ६४० नॅनोमीटर काढून दाखवली. सरांनी वही न उघडताच विचारलं, ‘मागे आला होतास?’ स्क्रूच्या आट्यांत थोडी ढिलाई असते. दिशा बदलली की मूठ फिरते पण आतली तार लगेच सरकत नाही. तेवढं रीडिंग खोटं. म्हणून सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच दिशेने फिरवा. पट्टा हुकला तर दोन-तीन पूर्ण फेरे मागे जा आणि परत त्याच दिशेने येऊन पहिल्या पट्ट्यापासून मोजा. रीडिंग दर पाचव्या पट्ट्याला लिहा, दर पट्ट्याला नको. आणि मोजताना शेजारच्याशी बोलू नका.